पेटीतली हाक

सातारा,
२ ऑक्टोबर २०२४

इंद्रजित,

तुझ्या आबांच्या मेंढरांना मारायच्या तिन्ही हाका साफ करून पाठवल्या आहेत. तू मोबाईलवर जे टिपलं होतंस त्यात आबा कमी आणि वारा जास्त होता. एका हाकेत तर मागून तुझी आई कुणाला तरी शिव्या देतेय. त्या शिव्या मी हाकेतून काढल्या, पण टाकून दिल्या नाहीत. इतक्या रसाळ शिव्या आमच्या साताऱ्यात मिळत नाहीत.

तीन दिवस घरात सारखं तेच वाजतंय. शेजारच्या काकूंनी काल माझ्या आईला विचारलं, "विनोदिनी, गच्चीवर मेंढ्या पाळल्यात का गं?" आई म्हणाली, "मेंढ्या नाहीत, नुसता धनगर आहे." तिला मग मी सगळं सांगितलं. आबांच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटी काढावी लागली, आणि तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना माळावर नेऊन त्यांच्या हाका टिपून घेतल्यास.  आई म्हणाली, "गुणी मुलगा आहे." मी तिला सांगितलं नाही की याच गुणी मुलाने इस्लामपूरच्या कॉलेजात चार वर्षं माझी जर्नल्स उतरवली.

बटण दाबलं की हाक वाजायचा प्रोग्रॅमही लिहून झालाय. गिटवर, म्हणजे आपल्या दोघांच्या ऑनलाइन साठ्यावर, टाकलाय; तू बनवलेल्या बटणांच्या पेटीत तिथून उतरवून घे. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे, तुझी पेटी लिनक्सवर चालते, त्यामुळे इथे जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही. काय झालं ते लगेच कळव. तुझ्या वाडीवर फोनला रेंज नसते आणि असली तर तू बोलत नाहीस, म्हणून मेलच कर.

अबोली

~

आटपाडी,
९ ऑक्टोबर २०२४

अबोली,

तुझं सगळं मिळालं. बाजाराला आटपाडीत आलोय, इथून लिहितो.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालेना. चालवायची परमिशन नाही म्हणाला. मी पेटीवर हातानं एक आज्ञा देऊन परमिशन दिली, मग चालला. तुझ्याकडून नवीन काही आलं की दर वेळी हेच होतंय. बरं, मी परमिशन दिली की गिट म्हणतं, ही फाईल बदललीय, ही फाईल बदललीय. ते सारखं दाखवत होतं म्हणून मी ते दाखवणंच बंद करून टाकलं. कटकट गेली.

काल संध्याकाळी पेटी आबांच्या कमरेला बांधली, स्पीकर छातीवर. मेंढरं माळावर पांगली होती. आबांनी बटण दाबलं आणि सगळ्या माना एकदम वर झाल्या. आमची म्होरकी मेंढी चार पावलं आली आणि थांबली. आबांच्या तोंडाकडं बघत राहिली. हाक त्यांचीच होती पण तोंड हललं नव्हतं, त्यामुळं तिला काही उमजेना. आबांनी मग नुसतंच तोंड उघडून पुन्हा बटण दाबलं. तेव्हा आली, आणि तिच्यामागं सगळी आली.

आबा बटण दाबतच राहिले. शेवटी आई म्हणाली, "आवं, बास करा की आता. खुळी व्हतील मेंढरं." पण ती पण पदरानं डोळे पुसत होती.

तुला एक सांगतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आवाज जाणार हे माहीत होतं. पण आबांचा श्वास आता गळ्याच्या भोकातून जातो, ओठांपर्यंत वारा येतच नाही, त्यामुळं त्यांची शीळसुद्धा गेली. घरी आल्यावर आबांनी पहिल्यांदा शीळच घालून बघितली होती.

दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन पश्चिमेला उसाच्या मुलखात जातो. इकडं चारा राहत नाही. आमची मेंढरं आईचं थोडं ऐकतात, माझं अजिबात ऐकत नाहीत. आबांच्या हाकेवरच ती रस्ता चालतात. त्यामुळं यंदा कळप विकायचा असं चुलत्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आबांना म्हणाले, "नानासो, मुका मेंढका कुटं आसतोय व्हय?" आबांनी काल पेटी कमरेला बांधून तशीच चुलत्यांच्या दारावरून फेरी मारली. पेटी चालली तर मेंढरं राहतील, नाहीतर जातील. सरळ गोष्ट आहे.

इंद्रजित

~

सातारा,
१२ ऑक्टोबर २०२४

इंद्रजित,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्होरकीपाशी आले आणि मला पुढे वाचता येईना. आईने माझ्या हातातून फोन घेऊन उरलेलं स्वतः वाचलं.

आता माझी शिकवणी ऐक, कारण तू पडलास इलेक्ट्रॉनिक्सवाला. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलवर एक खूण असते, ही फाईल नुसती वाचायची आहे की चालवायचीही आहे. विंडोजला ही खूण कळतच नाही. त्यामुळे मी इथून प्रोग्रॅम गिटवर टाकला तेव्हा तो खुणेशिवाय गेला. तू पेटीवर हाताने खूण केलीस, पण ती फक्त पेटीवर झाली, गिटला त्याचा पत्ताच नाही. मग माझ्याकडून काही नवीन आलं की गिट ती फाईल आपल्याकडे आहे तशी, बिनखुणेची, पुन्हा लिहितं. तू पुन्हा खूण करतोस. फुटक्या घागरीत पाणी भरायचा उद्योग आहे हा.

आणि गिट बिचारं ओरडून सांगत होतं की बदल झालाय, तर तू त्याचंच तोंड बंद केलंस! धन्य आहेस.

ती खूण गिटमध्येच एकदा नोंदवून ठेवली की झालं. मग फाईल विंडोजवरून जाऊ दे नाहीतर कुठूनही, खूण तिच्याबरोबर जाईल. दोन मिनिटांचं काम आहे. करू का? तू हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही, कारण पेटी तुझी आहे आणि आबाही तुझे आहेत.

अबोली

~

सांगली,
१८ नोव्हेंबर २०२४

अबोली,

उशीर झाला. तुझं पत्र वाचलं तेव्हा निघायची गडबड होती आणि पेटीला हात लावायची मला भीती वाटत होती. आता तर नकोच. सगळं नीट चाललंय, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची.

मला इथं सांगलीत एका दूध संघाच्या शीतगृहात नोकरी लागली. यंत्रांची देखभाल. त्यामुळं मेंढरांबरोबर मी नाही, आबा आणि आई दोघंच. मी जाणार नाही म्हणत होतो. आबांनी माझी पिशवी उचलली आणि सांगलीच्या एस.टी.त ठेवून आले. मुका माणूस भांडायला लागला की त्याच्यापुढं काही चालत नाही बघ.

निघायच्या आधी एक सोय केलीय. आईनं मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं की पेटी आपली आपण गिटवरून नवीन काय असेल ते उतरवून घेते आणि स्वतःच पुन्हा चालू होते. आईला फक्त चार्जिंगला लावायचं आणि हॉटस्पॉट लावायचं एवढं शिकवलंय. म्हणजे मला सारखं पळायला नको.

आता तळ इस्लामपूरच्या अलीकडं आहे. ज्यांचा ऊस तुटलाय ते शेतकरी आपण होऊन, रानाला खत मिळावं म्हणून, मेंढरं बसवायला बोलावतात. आई सांगत होती, तिथल्या लोकांना पेटीचं लय अप्रूप. परवा एका शाळेच्या मास्तरांनी सगळा वर्ग आणून पेटी दाखवली. आबा मध्ये उभे, पेटीवर हात ठेवून, नव्या नवरदेवासारखे.

एकच काम आहे. उसाचे ट्रॅक्टर जातात तेव्हा त्या दणक्यात पेटी ऐकू येत नाही. आवाज वाढवता आला तर बघ. बाकी कशाला हात लावू नकोस.

इंद्रजित

~

सातारा,
२१ नोव्हेंबर २०२४

इंद्रजित,

नोकरीचं अभिनंदन! पहिला पगार झाला की भडंग पाठव, सांगलीत राहून एवढं तरी कर.

आवाज वाढवला. नुसता मोठा केला असता तर स्पीकर फाटल्यासारखा वाजला असता, म्हणून प्रोग्रॅममध्येच थोडी खटपट केली. आता आबांची हाक ट्रॅक्टरच्या वर ऐकू येईल. आत्ताच गिटवर टाकलंय. तुझ्या हुकुमाप्रमाणे बाकी कशालाही हात लावलेला नाही, नाहीतर म्हणशील सातारकर सांगितल्यापेक्षा जास्त शहाणपणा करतात.

नवरदेवाला माझा नमस्कार सांग. पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन तळावर यायचं माझं आणि आईचं चाललंय. आईला म्होरकी बघायची आहे.

अबोली

~

सांगली,
२४ नोव्हेंबर २०२४

अबोली,

पेटी बंद पडली. काय बदललंस ते कळव.

इंद्रजित

~

सातारा,
२४ नोव्हेंबर २०२४

इंद्रजित,

मेल आल्या आल्या बसले. सापडलं. अरे, तीच ती खूण! मी आवाजासाठी प्रोग्रॅम बदलला, पेटीने तो आपला आपण उतरवून घेतला, आणि गिटने फाईल पुन्हा बिनखुणेची लिहिली. एरवी तू हाताने परमिशन देत होतास. आता तू सांगलीत बसून दूध थंड करतोस, तर ती आज्ञा तिकडे कोण देणार? तुझ्या आई? तू त्यांना हॉटस्पॉट शिकवलंस, तेवढं एक शिकवायचं राहिलं बघ!

बरं, आता तुझी परवानगी न विचारता ते कायमचं नीट केलंय. चालवायची खूण गिटमध्येच नोंदवली. इथे विंडोजवरून टाकून, दुसऱ्या एका लिनक्सच्या मशिनवर उतरवून, हाताने काहीही न करता चालवून पाहिलं. चाललं. पुन्हा बदल करून पुन्हा उतरवलं, तरी चाललं. आता ते कधीच होणार नाही.

तुझ्या आईंना आज हॉटस्पॉट लावायला सांग, पेटी उद्या सकाळी बोलू लागेल. एका दिवसाची सुट्टी आबांच्या घशाला! चालली की लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

अबोली

~

सातारा,
१९ डिसेंबर २०२४

इंद्रजित,

महिना होत आला. दोन मेल केले, फोन केले, तू उचलत नाहीस. पेटी चालली की नाही एवढं तरी सांग.

मला कळतंय तू रागावला आहेस. मी थट्टा जरा जास्तच केली. तुझ्या आईंना आज्ञा शिकवायची राहिली वगैरे. आई म्हणते, माणूस अडचणीत असताना तुझ्या जिभेला हाड राहत नाही. चुकलं माझं. पण एवढ्यासाठी बोलणंच टाकायचं का रे? तूच म्हणाला होतास, बाकी कशाला हात लावू नकोस. मी लावला नाही. आता वाटतं तुझं ऐकायला नको होतं.

आम्ही नाताळच्या सुट्टीत तळावर यायचं ठरवत होतो. तळ आता कुठे आहे तेवढं कळव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

अबोली

~

आटपाडी,
५ जानेवारी २०२५

अबोली,

तळ आता कुठंच नाही. म्हणून कळवलं नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. तुझी थट्टा वाचली तेव्हा मी इस्लामपुरात एका जनावरांच्या डॉक्टरांच्या दारात उभा होतो. तुला काही माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. सांगायला बसलो की हात चालत नव्हता. आज सगळं लिहितो.

ज्या दिवशी मी तुला एका ओळीचा मेल केला, त्या दिवशी सकाळी आबांनी तळ हलवला. पेटी कमरेला होती. दिवा लागला होता, त्यामुळं चालू आहे असंच वाटलं. मेंढरं बांधावरून रस्त्याला उतरली. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळणावरून येत होता. आबांनी थांबायच्या हाकेचं बटण दाबलं. हाक आली नाही. पुन्हा दाबलं. म्होरकी पुढं गेली होती, ती हाकेची वाट बघत चालत राहिली, आणि एक गेली की मागची सगळी जातात. आबा हात वर करून पळाले. आई मागून ओरडत होती, पण ट्रॅक्टरपुढं तिचा आवाज किती? ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, त्याची काही चूक नाही. भरल्या ट्रॉल्या जागेवर थांबत नाहीत.

किती गेली ते लिहीत नाही. म्होरकी सगळ्यात आधी गेली.

मी पोचलो तेव्हा आबा रस्त्याच्या कडेला बसून बटण दाबत होते. हळू दाबत होते, जोरात दाबत होते, दोन बोटांनी दाबत होते. आई म्हणाली, "सकाळधरनं आसंच चाललंया. त्येंला वाटतंया त्येंनीच कायतरी चुकीचं दाबलं." अबोली, मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, प्रोग्रॅमवर एक खूण असते, ती माझ्याकडून राहिली. दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून हलवली. अजूनही ते मधूनच आपल्या बोटाकडं बघतात.

तू नीट करून देते म्हणाली होतीस. दोन मिनिटांचं काम होतं. नको मी म्हणालो. हे माझ्या छातीवरून उतरत नाही.

चुलते आले आणि या वेळी आबांनी पेटी दाखवत फेरी मारली नाही. उरलेली मेंढरं घेऊन आम्ही गावाकडं आलो. रस्ताभर आई पुढं आणि मी मागं, आणि मेंढरं सारखी थांबून आबांकडं बघायची. आबा खाली बघून चालायचे. पेटी मी माझ्या पिशवीत ठेवली होती.

काल आटपाडीच्या बाजारात कळप विकला. आमच्या बाजारात व्यापारी तोंडानं भाव बोलत नाहीत, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. तिथं मुक्या माणसाचं काही अडत नाही. आबा तिथं कुणापेक्षा कमी नव्हते. जास्त भाव देणारे दोघे होते, त्यांचा हात आबांनी सोडला, कारण ते कत्तलीला नेणारे होते. शिराळ्याकडचे बाळासो म्हणून आहेत, पाळायला नेणार होते, त्यांना दिली.

टेम्पो लागला, आणि मेंढरं चढेनात. बाळासोंची माणसं ओढत होती, ढकलत होती. कोकरं ओरडायला लागली. एका मेंढीचा पाय फळीत अडकला. आबा बाजूला उभे होते. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या पिशवीवर हात ठेवला.

मला वाटलं बघायला मागतायत. त्यांनी पेटी काढली, कमरेला बांधली, स्पीकर छातीवर लावला. मी म्हटलं, आबा, थांबा, चालती का नाही ते मला माहीत नाही. मी उघडूनच बघितली नव्हती. सांगलीत एकदा तिला माझ्या मोबाईलचं नेट दिलं होतं, तेवढंच. तू पाठवलेलं तिनं घेतलं असेल तर घेतलं असेल. हातानं मी काही आज्ञा दिली नव्हती. अबोली, खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो की चालू नये.

आबा टेम्पोच्या फळीवर चढून आत जाऊन उभे राहिले आणि तिसरं बटण दाबलं. ती पाण्याची हाक आहे. दिवसभर चालून तळ्यावर पोचलं की आबा ती मारायचे. त्या हाकेला मेंढरं इकडं तिकडं बघत नाहीत, धावतच येतात.

चालली. तू वाढवलेल्या आवाजात सगळ्या बाजारात ऐकू गेली. लोक वळून बघायला लागले. मेंढरं धावत आली आणि एकामागं एक फळी चढून आत गेली. आबा तोंड उघडून उभे होते. शेवटची मेंढी चढेपर्यंत त्यांनी बटणावरचं बोट उचललं नाही.

मग ते त्यांच्यातून वाट काढत खाली आले. पेटी सोडून बाळासोंच्या हातात दिली आणि एकेक बटण बोटानं दाखवलं. आई पुढं झाली, म्हणाली, "आवं, तुमचा आवाज हाय त्यो." आबांनी टेम्पोकडं बोट केलं. बाळासो म्हणाले, न्हाई, ह्याचं पैसं मी काय देऊ? आबांनी हात झटकला. मग ओंजळ केली, तोंडाशी नेली, पुन्हा टेम्पोकडं बोट केलं. पुन्हा ओंजळ केली. बाळासोंना वाटलं यांना पाणी प्यायचंय, त्यांनी बाटली पुढं केली.

आबांनी बाटली घेतली नाही. आईकडं बघितलं.

आई म्हणाली, "त्येंला न्हाई. पोचल्याव पयलं मेंढरांस्नी पाणी दावा म्हंत्यात. पाण्याची हाक मारलीया त्येंनी. आजपातूर कदी खोटी मारली न्हाई."

इंद्रजित